कानाने वाचायची विद्या

'चार' हा शब्द मोठ्याने वाचा. आता 'चारा' वाचा. काय झालं पाहिलंत? पहिला च टाळूवरून आला आणि दुसरा दातांच्या मागून निसटला. 'जन' आणि 'जण' यांतल्या ज चंही तेच. कागदावर मात्र दोन्ही च हुबेहूब सारखे छापलेले आहेत. फरक दाखवणारं साधं टिंबसुद्धा कुठे नाही. तरी तुम्ही अडखळला नाहीत. कुठे कोणता च उच्चारायचा हे तुम्हाला सांगितलं कुणी? पुस्तकाने तर नाहीच. ते तुमच्या कानाला आधीपासून ठाऊक होतं.

आता 'सरबत' घ्या. स, र, ब, त अशी चार पूर्ण अक्षरं. बाराखडी चोख पाठ असलेलं सहा वर्षांचं मूल ती एकेक करून लावतं आणि प्रत्येक अक्षरातला 'अ' पूर्ण म्हणतं. जे ऐकू येतं ते सरबत नसतंच मुळी! आपण तर 'सर्-बत्' म्हणतो. र आणि त मधला 'अ' गळतो, पण तो कुठे गाळायचा याची खूण लिपीत नाही. मुलाने एकही चूक केलेली नाही, तरी शब्द हाती लागलेला नाही. मग क्षणभराने त्याचा चेहरा उजळतो आणि ते ओरडतं, "सरबत!" त्या क्षणभरात काय घडलं? डोळ्यांनी आणलेला कच्चा माल कानाने तपासला, आपल्या साठ्यात असा कुठला शब्द आहे का ते पाहिलं आणि नेमका शब्द काढून दिला. सरबत हा शब्द त्या मुलाने कधी ऐकलाच नसता तर?

याच प्रश्नात प्राथमिक शाळेतल्या वाचनाचं सगळं रहस्य आहे. वाचन हे डोळ्यांचं काम असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा कानाचा असतो. म्हणूनच वर्गात बाईंनी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणं आणि मुलांनी हातात संहिता धरून पात्रांच्या आवाजात अभिवाचन करणं, या दोन साध्यासुध्या गोष्टी इतक्या विलक्षण गुणकारी ठरतात. त्या कशा काम करतात हे पायरीपायरीने पाहू.

सुरुवात डोळ्यापासूनच करू. ओळ वाचताना आपली नजर तिच्यावरून सरळ सरकत जाते असं वाटतं ना? तसं होत नाही. नजर उड्या मारते हे एमिल झावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७९च्या सुमारास मांडलं. ती एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग पुढे झेपावते, पुन्हा थांबते. उडीच्या त्या निमिषात आपल्याला जवळपास काहीच दिसत नाही. म्हणजे हे वाक्य तुम्ही तुकड्यातुकड्यांनी पाहत आहात आणि मेंदू ते अखंड करून तुमच्या हाती देतो आहे!

मोठ्याने वाचताना तर आणखी मोठी गंमत होते. तोंड एका शब्दावर असतं आणि डोळे पुढच्या शब्दांवर पोहोचलेले असतात. मुंबईतल्या धीम्या लोकलचा मोटरमन गाडी भायखळ्याच्या फलाटाला लावत असतो, तेव्हाच त्याची नजर भायखळ्यापुढच्या सिग्नलवर गेलेली असते. वाचणाऱ्याचा डोळा तसाच. शिकागो विद्यापीठात गाय बसवेल यांनी डोळा आणि आवाज यांच्यातलं हे अंतर मोजलं आणि १९२०मध्ये त्यावर आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. घरी करून बघा. कुणी मोठ्याने वाचत असताना मध्येच पान हाताने झाका. आवाज तिथल्या तिथे थांबत नाही. वाचणारा झाकलेल्या पानातले आणखी दोन-तीन शब्द बोलून मगच गप्प होतो. नवशिक्या मुलाचा आवाज मात्र लगेच तुटतो, कारण त्याचा डोळा आवाजाच्या फारसा पुढे गेलेलाच नसतो.

आपल्या लिपीत तर डोळ्याला पुढे पळावंच लागतं. 'दिवा' या शब्दात आधी काय दिसतं? वेलांटी. आधी काय ऐकू येतं? द. 'वर्ग'मधला र उच्चारात ग च्या आधी येतो आणि कागदावर ग च्या डोक्यावर बसतो. दिसण्याचा क्रम एक, ऐकू येण्याचा दुसरा! पहिली-दुसरीतलं मूल ही उलटापालट मनातल्या मनात लावून घेतं, तीही एका ओळीत पाच-सहा वेळा. त्या चिमुकल्या डोक्यात केवढी उलाढाल चाललेली असते!

आणि हे करणारा मेंदू मुळात वाचण्यासाठी घडलेलाच नाही. माणूस लिहू लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ इतका तोकडा आहे की मेंदूत वाचनासाठी वेगळं इंद्रिय तयार होणं शक्यच नव्हतं. मग आपण वाचतो कशाने? स्टॅनिस्लास डेहेन या फ्रेंच मेंदुवैज्ञानिकाचं उत्तर असं, की वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातला एक तुकडा आपण अक्षरांच्या कामाला जुंपतो आणि त्याची जोडणी बोलभाषेच्या भागांशी करतो. बोलभाषा तिथे आधीच नांदत असते. वाचन शिकणं म्हणजे डोळ्यांपासून तिच्यापर्यंत नवी वाट पाडणं.

ही वाट किती खोल जाते? लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले गेले. तो अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. बदल मेंदूच्या वरच्या थरात दिसतील असा अंदाज कुणीही बांधला असता. ते दिसले थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या अतिप्राचीन भागांपर्यंत. तिशीतल्या माणसांचे मेंदू सहा महिन्यांच्या अक्षरओळखीने आतून बदलत गेले होते. आपण रोज फळ्यावर गिरवून घेतो त्या क, ख, ग मध्ये एवढी ताकद आहे!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोळ्यांनी वाट पाडली, पण वाटेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे? फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६मध्ये वाचनाचं एक सूत्र मांडलं. अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता म्हणजे वाचून समजणं. लक्षात घ्या, इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरं खडाखडा वाचणारं मूल गोष्टीतलं ओ की ठो सांगू शकत नाही असं दिसतं, तेव्हा गुणाकारातली दुसरी बाजू उपाशी राहिलेली असते. आणि ती बाजू कानावाटेच भरते.

रोजच्या बोलण्यातून नाही का भरत? भरते, पण पुरेशी नाही. हेज आणि आरेन्स या संशोधकांनी १९८८मध्ये इंग्रजीत एक मोजदाद केली. सुशिक्षित प्रौढांच्या आपसातल्या गप्पांत दर हजार शब्दांमागे साधारण १७ शब्द दुर्मीळ निघाले. आणि मुलांच्या पुस्तकांत? सुमारे ३१! लहान मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक शब्दांच्या बाबतीत मोठ्यांच्या गप्पांहून श्रीमंत निघालं. आपल्याकडची मोजदाद मनातल्या मनात करून पाहा. 'घनदाट', 'निबिड', 'लगबग', 'हिरमुसला' हे शब्द घरी जेवताना कितीदा निघतात? गोष्टीत मात्र ते पानोपानी भेटतात. मूल ते स्वतः वाचू शकेल त्याच्या कितीतरी आधी बाईंच्या तोंडून ऐकू शकतं. प्राथमिकच्या सगळ्या वर्षांत मुलांची ऐकून समजण्याची झेप वाचून समजण्याच्या पुढे असते. दुसरीतल्या मुलाला चौथीची गोष्ट वाचायला द्याल तर ते रडकुंडीला येईल. तीच गोष्ट वाचून दाखवा, ते पुढे सरकून बसेल.

मुंबईतल्या भायखळ्यासारख्या बहुभाषिक ठिकाणी हे आणखी महत्त्वाचं होतं. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. या आठ नावांतच मुंबईच्या वस्त्यांचा इतिहास आला. भायखळ्याच्या एका बाजूला मदनपुऱ्याची उर्दू, दुसरीकडे कामाठीपुऱ्यात पूर्वापार रुजलेली तेलुगू, पुढे लालबाग-परळला कोकण आणि घाटाकडची मराठी. इथल्या मराठी शाळेतल्या एकाच बाकावर 'चारा'तला च जन्मापासून ऐकलेलं मूल बसू शकतं आणि तो कधीच न ऐकलेलंही. दोघांसमोर पुस्तक एकच आहे. त्या दुसऱ्या मुलाला दातांमागचा च कुठून मिळणार? बाईंच्या आवाजातून. वाचून दाखवणारी शिक्षिका त्या वर्गाला नुसती गोष्ट देत नाही, पुस्तकात न छापलेली भाषाही देते.

पुस्तकात न छापलेलं असं किती असतं! मराठीच्या जुन्या पोथ्या पाहा. शब्द एकमेकांना चिकटवून सलग लिहिलेले, मधे जागा नाही. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह यांतलं काहीच नाही. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं मराठीत आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांच्याकडे जातं. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५०ची. त्याआधी शब्द कुठे तुटतो, प्रश्न कुठे संपतो, कोण बोलतंय हे सांगायचं कुणी? वाचणाऱ्याच्या गळ्याने! श्रावणात पोथी लावायची तर एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. श्रीधरांचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' असेच घराघरांत पोहोचले, अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतसुद्धा. एकट्याने गुपचूप वाचणं ही पुढे आलेली सवय आहे. आधी वाचन म्हणजे आवाजच होता.

कँडीसाहेबांच्या चिन्हांची करामत एका शब्दात पाहता येते. 'आलास.' 'आलास?' 'आलास!' अक्षरं तीच. पहिल्यात शांत नोंद आहे, दुसऱ्यात शंका आहे, तिसऱ्यात मिठी आहे. छापील कागदावर फरक इवल्याशा खुणेचा, आवाजात मात्र जमीन-अस्मानाचा. आणि ही खूण कशी वाजते हे व्याकरणाच्या धड्याने कळत नाही. ती कुणीतरी वाजवून दाखवावी लागते, मग स्वतः वाजवून बघावी लागते. इथून आपण दुसऱ्या नवलाकडे येतो: अभिवाचनाकडे.

शाळेतलं नाटक म्हटलं की काय आठवतं? महिनाभर पाठांतर, भाड्याचे पोशाख, आणि चुणचुणीत अशा पाच-सहा मुलांना भूमिका. उरलेली मुलं झाडं होतात किंवा टाळ्या वाजवतात. वर्गातल्या अभिवाचनात यातलं काहीच लागत नाही. संहिता हातात, वाचायचं ती पाहूनच. पडदा नाही, रंगभूषा नाही. जे काही उभं करायचं ते आवाजातून. मराठी घरांना ही कला नवीन नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या श्रुतिका आठवा. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी कुणाला दिसले होते? तरी ते घरचे झाले. आणि १९९२पासून वर्षानुवर्षं फारूख शेख आणि शबाना आझमी 'तुम्हारी अमृता'मध्ये नुसती पत्रं वाचत बसत होते. हातात कागद, समोर भरलेलं नाट्यगृह.

वर्गात हे कसं करायचं? राणीची बाग हे प्राणिसंग्रहालय भायखळ्यातल्या मुलांच्या दारातच आहे. तिथे २०१६मध्ये दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आले. एवढ्या माहितीवर पानभर संहिता सहज तयार होते. पात्रं कोण? दोन निवेदक, बागेतला जुना रहिवासी कावळा, नवा पाहुणा पेंग्विन आणि समूह. कावळा हटकतो, "आलास? मग बर्फ कुठाय तुझा?" पेंग्विन म्हणतो, "बर्फ? मी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. बर्फातले ते माझे लांबचे भाऊबंद!" सगळा समूह ओरडतो, "ऐकलंत का, ऐकलंत का, हा बर्फातला नाही!" विज्ञानाचा धडा झाला, भूगोल झाला, आणि कावळा कोण होणार यावरून भांडणही झालं.

पहिल्या दिवशी बाई सगळी संहिता स्वतः वाचून दाखवतात, आवाज बदलत, थांबत, रंगवत. मुलं नुसतं ऐकतात. दुसऱ्या दिवशी संहिता हातात येते आणि जो तो आपली वाक्यं रंगवून घेतो. मग दोन दिवस सराव, त्यात पात्रांची अदलाबदल. शुक्रवारी सादरीकरण, शेजारच्या वर्गासमोर. बस्स.

आता यातला खरा चमत्कार बघा. वाचन सुधारायला तेच पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा उपाय नाही. जे सॅम्युएल्स यांनी १९७९मध्ये ही पद्धत मांडली. अडखळत वाचणाऱ्याचं सगळं बळ अक्षरं लावण्यात खर्च होतं. वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तोच उतारा चौथ्या-पाचव्यांदा वाचताना अक्षरं आपोआप उलगडतात आणि मोकळं झालेलं लक्ष अर्थाकडे वळतं. पण आठ वर्षांच्या मुलाला "हाच उतारा पाच वेळा वाच" असं सांगून बघा! ते दुसऱ्यांदाच जांभई देईल. आणि अभिवाचनात? तेच मूल कावळ्याचं वाक्य आठवडाभर दिवसातून दहादा घोकतं, जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, घरी आईसमोर. कारण आता पुन्हा वाचण्याला कारण मिळालं आहे. शिक्षा वाटावी अशी गोष्ट तालीम झाली!

दुसरा चमत्कार गप्प बसलेल्या मुलात आहे. एरवीच्या प्रकट वाचनात एक जण वाचतो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. इथे पेंग्विनचं वाक्य सात ओळींनंतर असेल तर त्याला मधल्या सातही ओळी डोळ्यांनी चालाव्या लागतात, नाहीतर त्याची वेळ हुकेल. एक मूल बोलत असतं आणि चार मुलं मनात वाचत असतात, आवाजाच्या सोबतीने, अगदी त्याच गतीने. एकाच वेळी कान आणि डोळे एकाच शब्दावर! असा जोडसराव एरवी कसा घडवून आणणार?

आणि ज्याला अजून वाचताच येत नाही त्याचं काय? तो समूहात उभा राहतो. शाहिरामागे झीलकरी असतात ना, तेच हे काम. धृपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. चुकलं तरी एकट्याचं ऐकू येत नाही, जमलं तरी सगळ्यांसोबत जमतं. तेच शब्द, तीच ओळ, बोट कागदावर. चार दिवसांनी ती ओळ त्याला वाचता येते. पाठ झाली म्हणून? सुरुवातीला हो. पण पाठ असलेल्या शब्दांवर बोट फिरवता फिरवताच छापील खुणा आणि आवाज यांची गाठ पडते.

अमेरिकेत मार्टिनेझ, रोझर आणि स्ट्रेकर या तिघींनी दुसरीच्या वर्गांत दहा आठवडे, रोज अर्धा तास हा प्रयोग केला आणि १९९८-९९च्या सुमारास निष्कर्ष मांडले. अभिवाचन करणाऱ्या मुलांची वाचनाची गती इतर वर्गांपेक्षा ठळकपणे जास्त वाढली. आपल्याकडे २०२१च्या 'निपुण भारत' अभियानाने दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य ठेवलं आहे. यातला 'समजून' हा शब्द निसटू देऊ नये. घड्याळ लावून मुलांना पळवलं की शब्द वाढतात आणि अर्थ मागे राहतो. पात्र वाचणाऱ्या मुलाला मात्र अर्थ कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कावळा चिडलाय की चेष्टा करतोय हे ठरवल्याखेरीज 'आलास' म्हणणार कसं?

भायखळ्यापासून लोकलने आणि पुढे एसटीने गेलात की पालघर जिल्ह्यात हे सगळं मोठ्या प्रमाणावर घडताना दिसतं. तिथे काम करणाऱ्या 'क्वेस्ट' या संस्थेचा 'गोष्टरंग' उपक्रम अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकाराने चालतो. तरुण कलाकार बालसाहित्यातल्या गोष्टी घेऊन आदिवासी भागातल्या शाळांमध्ये जातात, त्या रंगवून सादर करतात आणि मुलांना पुस्तकापर्यंत आणतात. ज्यांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकाहून निराळी आहे, त्या मुलांकडे छापील मराठी आधी माणसाच्या रूपात येते. हसते, घाबरते, नाचते. मग ती पुस्तकात सापडते तेव्हा परकी राहत नाही.

गुणाकाराचं ते सूत्र किती दूर नेऊ शकतं याचा दाखला खुद्द भायखळ्यात आहे. वाटेगावहून कुटुंबासोबत मुंबईला आलेला एक मुलगा इथल्या चांदबीबी चाळीत राहिला. शाळेत तो गेला होता जेमतेम दीड दिवस. अक्षरं तो मुंबईत शिकला, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. ते अण्णाभाऊ साठे. पुढे त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत १९५९ची 'फकिरा'. पाट्यांवरच्या अक्षरांतून एवढं साहित्य कसं उभं राहिलं? सूत्राची पहिली बाजू त्यांना उशिरा आणि तुटपुंजी मिळाली, पण दुसरी काठोकाठ भरलेली होती. पोवाडे, लावण्या, तमाशातले सवालजवाब आणि गावाकडच्या गोष्टी अशी केवढी तरी मराठी त्यांच्या कानात साठली होती. अक्षरं येऊन भिडली आणि गुणाकार झाला.

आजच्या दुसरीतल्या मुलाच्या कानात एवढं आपोआप साठेलच असं नाही. म्हणून ते वर्गात साठवायचं. त्यासाठी निधी लागत नाही, यंत्र लागत नाही, पाठ्यपुस्तकाबाहेर जायचीही गरज नाही. उद्याचा धडा शिकवण्याआधी तो दहा मिनिटं रंगवून वाचून दाखवा. त्यातल्या संवादांना पात्रांची नावं द्या आणि सर्वांत हळू वाचणाऱ्या मुलाला असं वाक्य द्या की ज्यावर वर्ग हसेल. पुढच्या सोमवारी ते मूल स्वतःहून विचारेल, "बाई, या आठवड्यात मी कोण?" त्या दिवसापासून त्याला 'वाच' असं सांगावं लागणार नाही.